मत देण्यापूर्वीं : मावळच्या नगरसंस्था आणि मतदाराची पूर्वतयारी

निवडणुकीची तयारी हा शब्दप्रयोग आपल्याकडे उमेदवाराच्या संबंधानेंच रूढ झाला आहे. तयारी करावयाची ती उमेदवारानें. मतदारानें ठरल्या दिवशीं घराबाहेर पडावें, बोटास शाई लावून घ्यावी आणि परत यावें, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. लोकसभेच्या किंवा विधानसभेच्या बाबतींत ही समजूत कशीबशी खपून जाते. कारण तेथील प्रश्न मोठे, दूरचे आणि पुष्कळ अंशीं पक्षांच्या नांवांवरून ओळखतां येण्यासारखे असतात. नगरपालिकेची गोष्ट निराळी आहे. तेथील प्रश्न गटाराचा, नळाचा, कचऱ्याचा, दिव्याचा आणि शाळेचा असतो, व तो सोडविणारा मनुष्य पुष्कळदां आपल्याच आळींतला असतो. ज्या निवडणुकीस मतदाराची तयारी सर्वांत अधिक लागते, तिलाच ती सर्वांत कमी होते, ही मोठी विसंगति आहे. डिसेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्रांतील नगरपरिषदांच्या व नगरपंचायतींच्या निवडणुका पुष्कळ वर्षांच्या खंडानंतर झाल्या, आणि त्यांच्या मागोमाग जानेवारी २०२६ मध्यें महानगरपालिकांच्याही झाल्या. त्या निमित्तानें ह्या तयारीचा विचार इतिहासाच्या आधारें करावा, असा आमचा हेतु आहे.

विचाराचें ठिकाण म्हणून आम्ही पवनानगर घेतलें आहे, आणि वाचकांस त्याचें आश्चर्य वाटण्याचा संभव आहे. कारण पवनानगरास नगरपालिका नाहीं. मावळ तालुक्यांत तुंग, तिकोना, लोहगड व विसापूर ह्या किल्ल्यांच्या परिसरांत, पवना धरणाच्या पायथ्याशीं वसलेली ही वस्ती. काले कॉलनी ह्या नांवानेंही ती ओळखली जाते. नांवांत 'नगर' असलें तरी येथील कारभार ग्रामपंचायतीचा. येथील मनुष्य ग्रामपंचायतीस, पंचायत समितीस व जिल्हा परिषदेस मत देतो. नगरसेवक निवडण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नाहीं. परंतु ह्याच तालुक्यांत तळेगांव दाभाडे व लोणावळें ह्या एकोणिसाव्या शतकांतल्या दोन नगरसंस्था आहेत. वडगांवास चालू शतकांत नगरपंचायत झाली आहे. आणि ह्याच धरणाच्या पाण्यावर खालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका वाढली आहे. नगरांतल्या मताचें वजन किती, हें वेशीबाहेर उभें राहून जितकें स्पष्ट दिसतें, तितकें वेशीच्या आंत दिसत नाहीं. म्हणून आरंभ येथून करणें आम्हांस योग्य वाटलें.

मावळास स्थानिक कारभार नवा नाहीं. कार्ले येथील लेण्यांतल्या प्राचीन शिलालेखांत 'मामाल' ह्या नांवानें हा प्रदेश आणि तेथील अमात्य यांचा उल्लेख येतो. वळूरक येथील भिक्षुसंघास करजिक नांवाचें गांव दिल्याची नोंद तेथेंच आहे. सुमारें त्याच काळच्या नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. आपलें दान निगमसभेंत जाहीर केलें व रिवाजाप्रमाणें फलकावर नोंदविलें, असें तो सांगतो. ज्या पैशाशीं अनेकांचा संबंध आहे, त्याचा व्यवहार सभेंत उघड करावा आणि लिहून ठेवावा, ही कल्पना ह्या भूमींत इतकी जुनी आहे. दक्षिणेंत उत्तरमेरूर येथें दहाव्या शतकाच्या आरंभींचे चोळ राजांच्या वेळचे शिलालेख आहेत. तेथील ग्रामसभेच्या समित्यांवर सभासद चिठ्ठ्या टाकून निवडीत. त्या निवडीच्या नियमांत एक नियम असा होता कीं, पूर्वीं समितीवर राहून ज्यानें हिशेब दिला नाहीं, त्याचें नांव घड्यांत घालावयाचेंच नाहीं. हजार वर्षांपूर्वींच्या ह्या नियमाची आठवण आम्हांस पुढें पुन्हां करावी लागणार आहे.

शिवकालीं व पेशवाईंत मावळच्या खोऱ्यांतून गोतसभा भरत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार एकत्र बसून वतनाचे व शिवेचे तंटे तोडीत आणि त्याचा महजर लिहून त्यावर आपापल्या निशाण्या करीत. ह्या संस्थांचें महत्त्व कमी लेखण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांचें गुणगान करतांना एक गोष्ट विसरतां कामा नये. गोतसभेंत मनुष्य बसे तो आपल्या वतनाच्या जोरावर. ज्याला वतन नाहीं, त्याला तेथें वजन नाहीं. स्त्रीचें किंवा भूमिहीनाचें मत मोजण्याची कल्पना त्या व्यवस्थेंत नव्हती. प्रत्येक मनुष्याचें एक मत, आणि सर्वांचीं मतें सारख्या किंमतीचीं, हें तत्त्व पुढें आलें. आणि तेंही एकदम न येतां शंभर वर्षें पायरीपायरीनें आलें.

इंग्रजी अमलांत १८५० च्या २६ व्या कायद्यानें देशभर नगरपालिकांची वाट मोकळी झाली. शहरच्या रहिवाशांनीं मागणी केली तर हा कायदा तेथें लागू करावा, अशी योजना होती. पुण्यास १८५७-५८ च्या सुमारास नगरपालिका झाली. मावळांत तळेगांव दाभाडे येथें १८६६ सालीं आणि लोणावळें येथें १८७७ सालीं ती स्थापन झाली. तळेगांव हें सेनापति दाभाड्यांचें जुनें गांव; लोणावळें मात्र आगगाडीचें अपत्य. १८६३ सालीं बोरघाटांतून लोहमार्ग सुरू झाला, आणि घाटमाथ्यावरील एका लहानशा वस्तीस रेल्वेचे कामगार, बंगलेवाले व हवापालटासाठीं येणारे मुंबईकर यांनीं शहराचें रूप दिलें. दोन्ही गांवांच्या गरजा निराळ्या होत्या; परंतु प्रारंभीं कारभार दोन्हीकडे सरकारी अधिकाऱ्यांच्या व सरकारनें नेमलेल्या सभासदांच्याच हातीं होता. लोकांनीं कर द्यावा, व तो कसा खर्चावा हें इतरांनीं ठरवावें, अशी ती स्थिति.

नेमणुकीच्या ह्या काळांतही एकटा सभासद काय करूं शकतो, ह्याचें उदाहरण पुण्यानें घालून दिलें आहे. जोतीराव फुले हे १८७६ पासून सुमारें सहा वर्षें पुणें नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉयच्या स्वागतार्थ एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय निघाला, तेव्हां ती रक्कम गरिबांच्या शिक्षणाकडे लावावी असें म्हणून त्यांनीं ठरावास विरोध केला. शहरांत मोठ्या खर्चानें मंडई बांधण्याच्या बेतासही त्यांचा असाच विरोध होता. ती मंडई पुढें १८८६ सालीं 'रे मार्केट' ह्या नांवानें उघडली. आणि त्यानंतर अर्ध्या शतकानें, आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें, त्याच मंडईस महात्मा फुले यांचें नांव देण्यांत आलें. मंडईबद्दलचें त्यांचें मत बरोबर होतें कीं नाहीं, हा वाद आम्ही येथें करीत नाहीं. आम्हांस दाखवावयाचें तें एवढेंच कीं, सभासदाची खरी पारख त्याच्या भाषणांवरून होत नाहीं. सभागृहांत हात वर करण्याची वेळ आली तेव्हां त्यानें तो कोणत्या बाजूस वर केला, ह्यावरून होते.

१८ मे १८८२ रोजीं लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें स्थानिक स्वराज्यासंबंधीं आपला प्रसिद्ध ठराव काढला. ह्या संस्था वाढवाव्या त्या केवळ कारभार सुधारावा म्हणून नव्हे. लोकांस राजकीय व सार्वजनिक शिक्षण मिळावें, हा त्यांचा मुख्य उपयोग, असें त्यांत मोकळेपणानें म्हटलें होतें. त्यास अनुसरून मुंबई इलाख्यांत १८८४ सालीं नगरपालिकांचा व लोकल बोर्डांचा असे दोन कायदे झाले आणि लोकनियुक्त सभासदांचें पाऊल सभागृहांत पडलें. ह्याच वाटेनें टिळक १८९५ सालीं पुण्याच्या नगरपालिकेंत निवडून गेले. ह्याच वाटेनें गोखले पुढें तिचे अध्यक्ष झाले. परंतु मत देण्याचा हक्क मुख्यत्वें मालमत्तेवर व करावर अवलंबून होता. म्हणजे लोणावळ्यास ज्याच्या मालकीचा बंगला, त्याच्या मतास वाव. त्या बंगल्यांत पाणी भरणारा किंवा रुळांवर काम करणारा मनुष्य यादीच्या बाहेर. ह्या काळांत मतदाराची यादी हीच खरी वेस होती. गांवाची वेस माळावर असे. मताची वेस कागदावर होती.

ही वेस ओलांडल्यावांचून नुसत्या चांगल्या ठरावाची काय गत होते, तें सह्याद्रीच्या पलीकडे, त्या वेळच्या कुलाबा व आतांच्या रायगड जिल्ह्यांत, महाड येथें दिसून आलें. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलानें ऑगस्ट १९२३ मध्यें मान्य केला. त्यास धरून महाडच्या नगरपालिकेनें जानेवारी १९२४ मध्यें आपलें चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचें जाहीर केलें. ठराव झाला, पण तीन वर्षें त्या तळ्याचें पाणी घेण्याची सोय अस्पृश्यांस झाली नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों अनुयायांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर त्याच नगरपालिकेनें ऑगस्ट १९२७ मध्यें आपला पूर्वींचा ठराव मागें घेतला. प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल मिळावयास मार्च १९३७ उजाडलें. तीन वर्षांत ठराव करणारी संस्था तोच ठराव पुसून टाकूं शकते, हें महाडनें शिकविलें. ज्यांचें पाणी अडलें होतें, त्यांच्यापैकीं फारच थोड्यांचीं नांवें मतदारांच्या यादींत असूं शकत होतीं, हेंही येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. ज्याला मत नाहीं, त्याच्या नांवानें केलेला ठराव मोडणें सोपें असतें.

पुढें ही वेस पडली. मुंबई शहराच्या महानगरपालिकेची पहिली प्रौढ मतदानाची निवडणूक १९४८ सालीं झाली. १९५० सालीं राज्यघटना अमलांत आली आणि लोकसभा व विधानसभा यांच्यासाठीं मालमत्तेची व शिक्षणाची अट कायमची गेली. १९६५ च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील सर्व लहानमोठ्या नगरपालिका एका सूत्रांत आल्या. १९८९ सालीं मतदाराचें वय एकवीसवरून अठरा झालें. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलांत आली; तिनें नगरसंस्थांस घटनेचा आधार दिला, स्त्रियांस एकतृतीयांश जागा दिल्या, आणि ह्या निवडणुका घेण्याचें काम स्वतंत्र राज्य निवडणूक आयोगाकडे सोंपविलें. महाराष्ट्रानें २०११ सालीं स्त्रियांचा वांटा निम्म्यावर नेला. सभागृहाची मुदत पांच वर्षें, व ती संपण्यापूर्वीं नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असेंही घटनेंत स्पष्ट लिहिलें आहे.

असें असूनही लोणावळें व तळेगांव यांसह राज्यांतील पुष्कळ नगरपरिषदांच्या मुदती २०२१-२२ च्या सुमारास संपल्या, आणि इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा वाद न्यायालयांत चालू असल्यामुळें तेथें प्रशासक नेमले गेले. अखेर मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निवडणुका घेण्याचा आदेश दिला, व २ डिसेंबर २०२५ रोजीं बहुसंख्य नगरपरिषदांचें मतदान झालें. प्रशासक हा पुष्कळदां कर्तबगार अधिकारी असतो. परंतु त्याला आपण निवडलेलें नसतें व आपण काढूंही शकत नाहीं. लोकांनीं कर द्यावा आणि तो कसा खर्चावा हें इतरांनीं ठरवावें, ही १८७७ सालची स्थिति सुमारें चार वर्षें पुन्हां आली होती. तिच्याविषयीं गांवोगांव फारशी हळहळ ऐकूं आली नाहीं, ही गोष्ट आम्हांस त्या खंडाहूनही अधिक चिंतेची वाटते. जो हक्क गेल्याचें दुःख होत नाहीं, तो परत मिळाल्यावर त्याचा उपयोगही बेताचाच होतो.

आतां प्रत्यक्ष तयारीकडे वळूं. इतिहासानें जो क्रम लाविला, तोच तयारीचाही क्रम आहे.

पहिली गोष्ट यादी. आज यादींतून कोणास मुद्दाम वगळण्याचा कायदा नाहीं. पण आळसानें मनुष्य आपणच आपणांस वगळून घेतो. नगरपालिकेसाठीं निराळी मतदारनोंदणी होत नसते. विधानसभेची यादी एका ठराविक तारखेस जशी असेल तशी घेऊन आयोग ती प्रभागवार फोडतो. म्हणून नोंदणी त्या तारखेपूर्वींच झाली पाहिजे. निवडणूक जाहीर झाल्यावर धांवाधांव करणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. प्रभागवार प्रारूप यादी प्रसिद्ध झाली कीं, तीवर हरकती घेण्यास थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत आपलें नांव आपल्याच प्रभागांत आहे कीं नाहीं, घरांतील मयत माणसांचीं नांवें निघालीं कीं नाहींत, एकाच मनुष्याचें नांव दोन ठिकाणीं आलें आहे काय, हें पाहणें प्रत्येकाचें काम आहे. दुबार नांवांचा प्रश्न २०२५ सालीं फार गाजला. ज्यांनीं त्यावर सभा गाजविल्या, त्यांपैकीं कितीजणांनीं आपल्या आळीची यादी स्वतः वाचली होती, हें त्यांनीं आपल्याशींच विचारून पाहावें.

दुसरी गोष्ट मतांची संख्या. पुष्कळ मतदारांस केंद्रांत शिरल्यावर कळतें कीं आपणांस एकच मत द्यावयाचें नाहीं. नगराध्यक्ष थेट लोकांनीं निवडावयाचा असल्यामुळें त्याचें एक मत निराळें. आणि नगरपरिषदेच्या बहुतेक प्रभागांत दोन जागा असल्यामुळें त्यांचीं दोन मतें निराळीं. म्हणजे तेथील मतदारास सामान्यतः तीन मतें, व नगरपंचायतींत दोन. प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे, तिचें आरक्षण वेगळें आणि यंत्रावरील बटणही वेगळें. ज्यानें एकच नांव मनांत धरून ठेवलें, तो उरलेलीं मतें घाईनें, चिन्ह पाहून, किंवा दारांत कोणी कानांत सांगितलें तें आठवून देतो. तीन मतें असतील तर तीन वेळां विचार केला पाहिजे. एकही उमेदवार पसंत नसेल तर तसें नोंदविण्याचें बटण यंत्रावर असतें. परंतु तें विचारान्तीं दाबावें, कंटाळ्यानें नव्हे.

तिसरी गोष्ट उमेदवाराची ओळख. आळींतला मनुष्य आपल्या माहितीचाच असतो, अशी आपली समजूत असते. ती पुष्कळदां फसवी ठरते. सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं मतदाराचा माहितीचा हक्क मान्य केल्यापासून उमेदवारांस आपली मालमत्ता, देणीं, शिक्षण व फौजदारी प्रकरणें शपथेवर लिहून द्यावीं लागतात. तें प्रतिज्ञापत्र प्रसिद्ध होतें. तें वाचण्यास पाव घटका पुरते. पण तेवढा वेळ देणारा मतदार विरळा. नगरपालिकेच्या ठेक्यांत ज्याचा हितसंबंध आहे त्याला सभासद राहतां येत नाहीं, असा कायदा आहे. म्हणून ठेके कोणास मिळाले आणि ते ठेकेदार कोणाचे कोण, हें मतदारानें आधींच विचारून ठेवावें. जो पूर्वीं सभासद होता, त्याचें इतिवृत्त पाहावें. फुल्यांनीं कोणत्या ठरावास विरोध केला, हें दीडशें वर्षांनंतर आपण सांगूं शकतों. आपल्या प्रभागाच्या सभासदानें मागल्या पांच वर्षांत कशास विरोध केला, हें सांगतां येऊं नये, हें बरें नव्हे.

चौथी गोष्ट जमाखर्च. येथें उत्तरमेरूरचा तो नियम आठवावा. महाराष्ट्रांतील नगरपरिषदांची जकात १९९९ सालीं बंद झाली, आणि तेव्हांपासून त्यांच्या तिजोरींत सरकारी अनुदानाचा भाग फार मोठा झाला. ह्याचा परिणाम असा कीं, पैसा वरून येतो, आपला नव्हे, अशी भावना वाढली. ही भावना अगदीं चुकीची आहे. घरपट्टी व पाणीपट्टी आपण प्रत्यक्ष भरतों. अनुदानही आपल्याच करांतून येतें. अंदाजपत्रक हा सार्वजनिक कागद आहे, आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें तो, व त्यामागचे इतर कागद, कोणाही नागरिकास मागतां येतात. सर्व आंकडे समजले नाहींत तरी चालेल. मागल्या वर्षीं आपल्या प्रभागांत कशावर किती खर्च झाला, आणि जें काम कागदावर पुरें झालें तें डोळ्यांनीं दिसतें काय, एवढ्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मतदानापूर्वीं काढावीं. मग सभेंतील आश्वासनांचें वजन आपोआप कळूं लागतें.

पांचवी गोष्ट पाणी. आणि तिच्यासाठीं पुन्हां पवनानगराकडे आलें पाहिजे. मावळचें पाणी प्रथम परक्या शहराच्या कामीं आलें तें शतकापूर्वीं. टाटांच्या कंपनीनें लोणावळें, वळवण व शिरोता येथील तलावांचें पाणी घाटाखालीं नेऊन खोपोलीस वीज निर्माण केली, आणि १९१५ पासून ती मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. पुढें शेजारच्या मुळशींत धरणाचें काम निघालें, तेव्हां १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला. धरण झालें तें झालेंच. त्यानंतर अर्ध्या शतकानें, १९७२ च्या सुमारास, पवनेवरील धरण पुरें झालें. मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्याखालीं गेल्या आणि त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळत राहिला. खालीं पिंपरी-चिंचवड येथें १९७० सालीं नगरपालिका झाली होती. १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. धरणांतून नदींत सोडलेलें पाणी रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलावें व निगडीस शुद्ध करून शहरास द्यावें, ही तिची व्यवस्था.

शहर वाढलें, तशी धरणापासून थेट निगडीपर्यंत बंदिस्त जलवाहिनी टाकण्याची योजना आली. शहराचें म्हणणें असें कीं, नदींतून येतांना पाणी दूषित होतें व वायांही जातें. शेतकऱ्यांचें म्हणणें असें कीं, पाणी नळांत गेलें तर नदी कोरडी पडेल आणि तिच्या कांठचे पंप व विहिरी थांबतील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होतें, आणि दोन्ही एकत्र बसून ऐकण्यासारखीं होतीं. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें द्रुतगति महामार्गावर शेतकऱ्यांनीं ह्या योजनेविरुद्ध आंदोलन केलें. पोलिसांनीं गोळीबार केला व तीन माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर योजनेचें काम थांबविण्यांत आलें.

ह्या दुःखद प्रकरणांत निवडणुकीचा संबंध कोठें येतो, असें कोणी विचारील. तो येथें येतो. पिंपरी-चिंचवडच्या सभागृहांत बसलेला प्रत्येक सभासद शहराच्या मतांनीं निवडून आला होता. ज्यांच्या शिवारांतून नळ जावयाचा, त्यांपैकीं एकाचेंही मत त्यास लागत नव्हतें. १८८४ सालीं यादीची वेस करदाता व बिनकरदाता ह्यांच्या मधून जात होती. १९२७ सालीं ती महाडच्या तळ्याच्या कांठानें गेली होती. आज ती हद्दीच्या रेषेवरून जाते. ही रेषा पुसतां येत नाहीं, हें आम्ही जाणतों. प्रत्येक नगरास कोठें तरी सीमा असणारच. म्हणूनच सीमेच्या आंतल्या मतदारावर अधिक भार पडतो. त्याचें मत त्याच्या एकट्याच्या कामाचें नसतें. त्याच्या मतावर निवडलेलें सभागृह ज्यांच्या पाण्याविषयीं, ज्यांच्या माळावरच्या कचऱ्याविषयीं, ज्यांच्या नदींत सोडलेल्या सांडपाण्याविषयीं निर्णय घेतें, त्यांपैकीं कित्येकांस तेथें मतच नसतें. त्यांचा विश्वस्त म्हणून त्यानें मत द्यावें, असें आमचें म्हणणें आहे. आपल्या नळाचें पाणी कोठून येतें, वाटेंत किती गळतें, वापरलेलें पाणी शुद्ध करून नदींत सोडलें जातें काय, आणि धरणाखालच्या माणसाचें देणें फिटलें काय, हे प्रश्न उमेदवारास विचारणारा मतदार शहरांत वाढला, तर शेतकऱ्यास रस्त्यावर येण्याचें कारण पुष्कळ कमी होईल. लोणावळ्याच्या मतदारानेंही हें ध्यानांत घ्यावें. तेथें सुटीच्या दिवशीं हजारों पाहुणे येतात; त्यांच्या मागें राहिलेल्या कचऱ्याचा व गर्दीचा विचार शहरासाठीं, आणि त्याच्या खालच्या गांवांसाठींही, तेथल्याच सभागृहास करावा लागतो.

पवनानगराच्या रहिवाशांस आमचें सांगणें थोडें निराळें आहे. त्यांस नगरसेवक निवडतां येत नाहीं. पण नगराच्या मतदारास नाहीं अशी एक गोष्ट त्यांच्यापाशीं आहे. ती म्हणजे ग्रामसभा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणें गांवचा प्रत्येक मतदार ह्या सभेचा घटक आहे. तेथें बसून तो जमाखर्च मागूं शकतो. मावळांत वस्ती ज्या वेगानें वाढत आहे, तो पाहतां आज वेशीबाहेर असलेलीं कित्येक गांवें उद्यां नगरांत जातील. वडगांवची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली, हें सर्वांच्या डोळ्यांपुढचें आहे. त्या दिवशीं गांवास नगरसेवक मिळतो आणि ग्रामसभा जाते. म्हणून आज ग्रामसभेंत हिशेब विचारण्याची जी संवय लागेल, तीच उद्यांच्या नगरमतदाराची शिदोरी. ज्यानें ग्रामसभेंत कधीं तोंड उघडलें नाहीं, तो प्रभागांत जाऊन एकाएकीं जागा होईल, असें समजण्यास कांहीं आधार नाहीं.

रिपनच्या ठरावांत नगरसंस्थांस लोकशिक्षणाचें साधन म्हटलें होतें. परकी सरकारानें आपणांस शिकवावें, ह्यांतला अभिमानीपणा सोडून दिला तरी मूळ गोष्ट खरी आहे. हें शिक्षण मतदानाच्या एका दिवसांत होत नाहीं. यादी, मतांची संख्या, उमेदवाराचा लेखी पूर्वेतिहास, गांवचा जमाखर्च आणि पाण्याची वाट, हे पांच विषय ज्यानें निवडणुकीपूर्वींच्या महिन्याभरांत घरीं, चावडीवर किंवा चहाच्या दुकानांत शेजाऱ्यांशीं बोलून समजून घेतले, त्याची तयारी झाली. पुढल्या निवडणुकीस पांच वर्षें आहेत असें मानून स्वस्थ बसूं नये. ह्या विषयांपैकीं पहिला सोडून बाकीचे कोणत्याही वर्षीं हातीं घेण्यासारखे आहेत, आणि पहिल्यासाठींही नांवनोंदणी केव्हांही करतां येते.